मापाचा दोरा

मोबाइलवरचा फोटो मंगलनं दोन बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा केला आणि तशीच चुलीपुढून उठली. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिला वास आला नाही.

फोटोत एका तान्ह्या मुलीचं गुबगुबीत मनगट होतं आणि त्यावर मंगलच्या हातची मनगटी. काळे मणी, दोन पोवळी, वेखंडाचा तुकडा, जुन्या इरकलीच्या काठाचं बोटभर फूल आणि मधोमध बजरबट्टू, म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून बाळाला बांधतात ते पांढऱ्या ठिपक्यांचं काळं बी. खाली ग्रुपमधल्या कराडच्या इंद्रायणीताईंनी लिहिलं होतं, ‘शिनोलीच्या मंगलताईंची मनगटी आमच्या नातीला. आता लावा म्हणावं नजर!’

ते बी एका अंगाला कललं होतं, कारण त्याचं भोक मधोमध नव्हतं. मंगलनं आजवर ढिगानं बिया टोचल्या, पण भोक असं कडेला एकदाच गेलं होतं. बाळंतिणीच्या खाटेवर बसून, सासूची नजर चुकवून, तापवलेल्या दाभणानं तिनं ते पाडलं होतं. तिचा ऋषी तेव्हा पाच दिवसांचा होता.

तिनं देव्हाऱ्यातला लाकडी करंडा उघडला. करंडा रिकामा होता.

“अवो,” तिनं अंगणात हाक मारली. धर्माजी भाताचे पेंढे रचत होता. “करंड्यातलं बी तुमी काढलं का?”

“कुठलं बी?”

“बजरबट्टू. देव्हाऱ्यातलं.”

“हां, ते व्हय! तू पाकिटाची घाई करत व्हतीस ना, तवा मीच टाकलं तुज्या तेलाच्या वाटीत. पार सुकून गेल्यालं. म्हटलं, एकलंच कशापायी पडून ऱ्हावं, बाकीच्यासंगं चकाकंल.” बायकोच्या कामात आपलीही मदत झाली, या खुशीत तो हसला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातला पेंढा खाली ठेवला.

टोचलेल्या बिया एक रात्र शेंगदाण्याच्या तेलात घालायच्या, म्हणजे काळा रंग उजळतो आणि ठिपके उठून दिसतात, ही मंगलच्या सासूची, साळुबाईची रीत. साळुबाई होती तोवर शिनोलीतल्या आणि वरच्या वाड्यांतल्या बाळांच्या मनगट्या याच घरातून जायच्या. बाळाच्या मनगटाला काळा दोरा गुंडाळून आई मापाला दोन गाठी मारायची आणि तो दोरा साळुबाईच्या हातात द्यायची. कळवायचं काही नसायचं. दोरा आला म्हणजे मनगटी करायची, एवढंच.

ऋषी अडीच महिन्यांचा होऊन तापानं गेला. त्याचं टोपडं, दुपटं, मनगटी, सगळं घोड नदीत सोडायचं ठरलं. गेलेल्या लेकराची वस्तू घरात ठेवत नाहीत आणि दुसऱ्या लेकराच्या अंगाला तर लावतच नाहीत. मंगल स्वतः नदीवर गेली. सगळं सोडलं तिनं, पण मनगटी सोडताना दोरा दातानं तोडला आणि ते कललेलं बी पदराच्या गाठीत बांधून घरी आणलं. ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. पुढं तिला मूल झालं नाही.

साळुबाई गेली आणि दोरे यायचे बंद झाले. कुणी तोंडावर काही बोललं नाही, गाव तसं भलं होतं. बैलांचे गोंडे करायला मंगल लागायची, गौरी सजवायला मंगल लागायची, दारांची तोरणं तर सगळी तिच्याच हातची. पण बाळाची मनगटी म्हटली की बाया घोडेगावच्या बाजारात जायच्या. पोर गेलेल्या बाईच्या हातची कशाला, एवढंच त्यामागं होतं. मंगलला ते कळत होतं. तिला त्याचा राग नव्हता, पण दुःख होतं आणि ते जुनं झालं तरी कमी झालं नव्हतं.

मग वृषाली आली. भीमाशंकरहून परतताना पुण्याची ही मुलगी रस्त्याकडेला तोरणं बघून थांबली, चहा पिऊन गेली आणि जाताना मंगलचं नाव आपल्या ग्रुपमध्ये घालून गेली. गावोगावच्या बायका होत्या त्यात. दर खेपेला जितक्या बायका तितकी लटकनं प्रत्येकीनं हातानं करायची, कापडाची, मण्यांची, पत्र्याची, बियांची, जे घरात सापडेल त्याची. सगळी वृषालीकडं पाठवायची, ती मिसळून प्रत्येकीला प्रत्येकीचं एक धाडणार. विकायचं नाही, किंमत विचारायची नाही, दिलेलं परत मागायचं नाही.

पहिलं पाकीट फुटलं तेव्हा करवंटीची चिमणी निघाली, बाटलीच्या बुचांचा कंदील निघाला आणि इंद्रायणीताईंचं बोटाएवढं परकर-पोलकं. धर्माजीनं एकेक उचलून पाहिलं होतं. “यातलं एक बी कामाचं न्हाई,” तो म्हणाला होता, “पर लई ग्वाड हाय.” मंगलनं ते सगळं खिडकीत तारेवर टांगलं आणि ग्रुपवर साळुबाईच्या मापाच्या दोऱ्याची गोष्ट लिहिली. तिकडच्या बायकांना तिच्या लेकराबद्दल काही ठाऊक नव्हतं. म्हणून तर या खेपेला तिनं हिय्या करून मनगट्या केल्या. पर्सला अडकवतील, किल्लीला लावतील, असंच तिच्या मनात होतं. पाकिटाच्या घाईत तेलकट बिया भराभर ओवताना एकीचं भोक कडेला आहे, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि आता एक मनगटी खरोखर बाळाच्या हातात गेली होती. असा फोटो बघायला मिळावा म्हणून मंगलनं काय वाटेल ते दिलं असतं. नेमकी तीच मनगटी जावी, ह्याला काय म्हणावं!

“ते तू नदीत सोडलं व्हतंस ना?” धर्माजीनं हळूच विचारलं.

“न्हाई सोडलं.”

तो उंबऱ्यावर बसला. त्यानं हात चोळले, हाताला लागलेली भाताची कुसं निघत नव्हती.

“फोन करते त्यांना,” मंगल म्हणाली.

“नको करू. कराड कुठं, आपण कुठं. त्यांना काय ठावं? बाळ ग्वाड हाय, हसतंय.”

“आन् उद्या ताप आला त्याला, तर?”

“ताप काय बियानं येतो व्हय?”

“आपल्याला तवा कुठं ठावं व्हतं कशानं येतो.”

धर्माजी म्हणाला, “मंगल, तू सांगितलंस की समद्यांना कळंल. हितं जे झालं तेच तिकडं हुईल. एवढं एकच हाय गं तुला.”

मंगलला ते कळत नव्हतं असं नाही. तिनं खिडकीतल्या तारेकडं पाहिलं. मग तिनं चुलीवर दुधाचं भांडं ठेवलं, उतरवलं, उगाच पदर नीट केला आणि फोन लावला.

“अय्या, मंगलताई! बघितलात फोटो?” पलीकडून इंद्रायणीताईंचा आवाज आला, मागं बाळाचा आवाज होता. “सून तर म्हणते, काढायचीच नाही ती आता.”

“ताई, ती काढा.”

“काय म्हणालात?”

“मनगटी काढा हातातली. आदी काढा, मग सांगते.” मंगल थांबली नाही. “त्यातलं बी माज्या लेकराचं हाये. चुकून आलं. आमी मुद्दाम न्हाई केलं, देवाशप्पथ. माजं लेकरू ऱ्हायलं न्हाई, ताई. गेल्याल्या लेकराचं दुसऱ्याला घालत न्हाईत. मला ठावं असतं तर मी मेले तरी पाठवलं नसतं.”

पलीकडं फोन बाजूला ठेवल्याचं कळलं. बाळ एकदा रडलं आणि गप्प झालं.

“काढली,” इंद्रायणीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “केवढा होता?”

“अडीच महिन्यांचा.”

“नाव ठेवलं होतं?”

“ऋषी.” इतक्या वर्षांत तिनं ते नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं. उंबऱ्यावर बसलेल्या धर्माजीनं मान खाली घातली.

“बरं,” इंद्रायणीताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दिवशी ग्रुपवरून तो फोटो नाहीसा झाला. कुणी कारण विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. मंगल रोज मोबाइल उघडायची आणि मिटायची. वृषालीचा निरोप येईल, ‘ताई, या खेपेला राहू द्या,’ असं काहीतरी, याची ती वाट पाहत होती. निरोप आला नाही आणि त्यानं तिला आणखीच भीती वाटली. तिनं मण्यांचे डबे माळ्यावर टाकले. धर्माजीनं भात झोडून घरात आणला, पण त्या दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

भाताची पोती रचून झाली त्या आठवड्यात पोस्टमन पाकीट देऊन गेला. पाकीट कराडचं होतं. मंगलनं ते ओट्यावर ठेवलं आणि भांडी घासून घेतली. धर्माजीच शेवटी म्हणाला, “उघड की. काय असंल ते असंल.”

आत बोटाएवढं झबलं होतं. पांढऱ्या मलमलीचं, गळ्याला निळी टीप, पाठीला खरेच वाटावेत असे बंद. झबल्याला काळा दोरा गुंडाळला होता. दोरा सोडवून मंगलनं झबलं हातावर पालथं केलं, तसं त्यातून ते बी तिच्या तळव्यावर पडलं. अजून तेलानं चकाकत होतं.

ती पुष्कळ रडली. धर्माजी तिच्याजवळ येऊन बसला.

रडणं ओसरल्यावर तिनं बी झबल्यात घातलं, झबलं करंड्यात ठेवलं आणि करंडा देव्हाऱ्यात. मग पाकीट टाकून द्यायला ती उठली. दोरा खाली पडला होता. गुंडाळून ठेवावा म्हणून तिनं तो उचलला आणि बोटाला काहीतरी लागलं. दोऱ्याला एका ठिकाणी गाठ होती. थोडं पुढं आणखी एक. तिनं दोरा उजेडात ताणून धरला. दोन्ही गाठी पक्क्या मारलेल्या होत्या, आणि मधलं अंतर एका तान्ह्या मनगटाएवढं होतं.

ग्रुपवर लिहिलेली दोऱ्याची ती गोष्ट इंद्रायणीताईंनी लक्षात ठेवली होती.

“काय गं?” धर्माजीनं विचारलं.

“माप आलंय,” मंगल म्हणाली.

तिनं तो दोरा सरळ करून पाटावर ठेवला आणि माळ्यावरचे डबे काढायला सांगितले. त्यानं ते एकेक करून उतरवले. नव्या बिया कुठल्या डब्यात आहेत ते तिला न बघताही ठाऊक होतं. दाभण चुलीत तापत घातल्यावर धर्माजी जरा घुटमळला.

“तेल काढू का वाटीत?” त्यानं विचारलं.

“काढा,” ती म्हणाली. “आदी हात धुवा.”

तो मोरीवर गेला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊ लागला.