शेवटची वीस पानं

ग्रंथपाल बाईंनी नखानं स्टिकर उचकटायला घेतला. अर्धा निघाला आणि अर्धा पुस्तकालाच चिकटून राहिला. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं त्यांचं स्वतःचं अक्षर होतं. त्यातलं ‘आजारी माणसाला’ एवढंच वाचता आलं.

“झालं,” त्या म्हणाल्या. “आता आजारी माणसानं काय करायचं ते तुझ्या कॉम्प्युटरला विचारू.”

कॉम्प्युटरवाली मान खाली घालून टाइप करत राहिली. समितीनं तिला तीन महिन्यांसाठी आणलं होतं, वाचनालयातलं एकेक पुस्तक यंत्रात नोंदवायला आणि मागच्या पानावर काळ्या रेघांचा स्टिकर चिकटवायला. नेमका कुठे, तर पानाच्या वरच्या कोपऱ्यात. आणि तो कोपरा एकतीस वर्षं बाईंचा होता.

पुस्तक वाचून झालं की बाई त्या कोपऱ्यात सल्ला लिहीत. ‘पहिली चाळीस पानं धीर धरा.’ ‘आजारी माणसाला देऊ नये, खचेल.’ ‘सुनेनं वाचलं तर बरं, सासूनं वाचलं तर जास्त बरं.’ लोक आधी मागचं पान उघडत, मग पुस्तकाचं नाव बघत. पुढे पुढे ते काउंटरवर बाकीचंही विचारू लागले. फ्रिज कोणता घ्यावा, मुलीला वसतिगृहात ठेवावं का. बाईंकडे सगळ्याला उत्तर असे. मोबाईलबद्दल तर फारच ठाम. ज्याला बोलायचं असतं तो घरी येतो, बाकी सगळ्या नसत्या उठाठेवी, असं त्यांचं मत. मग तुमच्या घरी कोण येतं, असं एकदा कोपऱ्यावरच्या शिंप्यानं सहज विचारलं होतं. त्या महिन्यात त्याला मनासारखं एकही पुस्तक मिळालं नाही.

सोळा दिवसांनी बाई निवृत्त होणार होत्या. निरोपाची भाषणं आणि भेटीचं भिंतीवरचं घड्याळ यातलं त्यांना काही नको होतं. कोपरे तेवढे राहायला हवे होते, आणि तेच ही पोरगी एकेक करून बुजवत निघाली होती. राग कसला, रडूच येत होतं त्यांना.

“अगं, निदान जरा खाली तरी चिकटवायचास.”

“समितीनं जागा ठरवून दिलीय, बाई.” ती थांबली. “पण तुमचं काही वाया नाही गेलेलं. इकडे या ना जरा.”

पडद्यावर प्रत्येक पुस्तकाच्या नावाखाली ‘शेरा’ असा एक रकाना होता. तो रिकामा ठेवला तरी चालेल असं समिती म्हणाली होती. हिनं मात्र स्टिकर लावण्याआधी प्रत्येक सल्ला त्यात जसाच्या तसा उतरवला होता, सासू-सुनेसकट. लोकांना तो आता घरबसल्या मोबाईलवर दिसणार होता.

बाई पडद्याजवळ वाकल्या. मग अक्षर जरा मोठं हवं होतं, असं म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. एकेक शेरा वाचताना त्यांचा चेहरा सैल होत गेला. एका जाडजूड कादंबरीपाशी त्या थबकल्या. ‘उत्तम. शेवटची वीस पानं वगळली तरी चालतील.’ हे त्यांचं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती: ‘कृपया वगळू नयेत.’

“हे कोणी लिहिलं?”

“मी,” कॉम्प्युटरवाली ओशाळली. “आगाऊपणा झाला. पुसते.”

“पुसू नकोस. एवढं आहे काय त्यात?”

ती गोंधळली.

“बाई, तुम्ही वाचलीत ना ती?”

बाई उठून कपाटाकडे गेल्या. धाकटी बहीण दार आपटून घर सोडते, त्या पानावर त्यांनी ते पुस्तक मिटलं होतं. त्याच वर्षी आईला कोणी सांभाळायचं यावरून त्यांची स्वतःची धाकटी बहीण अशीच निघून गेली होती. मग त्यांनी कोपऱ्यात सल्ला लिहून टाकला. अठरा वर्षं लोक त्यांच्या शब्दावर तिथेच थांबत आले होते. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण त्या काउंटरवर दिवसातून दोनदा तरी वापरत.

दोन कपाटांच्या मधल्या स्टुलावर बसून त्यांनी वीस पानं वाचली. धाकटी परत येते. माफीबिफी कोणी मागत नाही. थोरली दार उघडते आणि म्हणते, “किती वाळलीस.”

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोबाईल होता. त्यांच्या वाढदिवसाला दरवर्षी एका नंबरवरून एक ओळ येई. तिला त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं, आणि ती कधी पुसलीही नव्हती.

“माझी ओळ काढून टाक. तुझी राहू दे,” त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. “आणि एक सांग. अठरा वर्षांनी बोलायचं असेल, तर आधी मेसेज टाकावा की सरळ फोन लावावा?”

बाईंनी कुणाला सल्ला विचारल्याचं त्या वाचनालयात कोणी ऐकलं नव्हतं.

“सरळ लावा, बाई. मेसेज लिहीत बसलात तर बोलणंच राहून जाईल.”

बाईंनी लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

“अगं, मी आहे,” बाई म्हणाल्या. “वाळलीबिळली नाहीस ना?”