मौद्याचं क्वार्टर

टाचणी. पांढऱ्या साडीच्या घडीतून डोकं वर काढलेली, बारीक, चकचकीत, आणि ती संघपालच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. कोणाला पटायचं नाही, नका पटवून घेऊ, पण गांधीबागेतल्या त्या दुकानात, गादीवर मांडी घालून बसलेल्या दोन्हीकडच्या बायकांत, हा नवरदेव सराईत खोटारडा आहे आणि आज त्याची घटका भरलीय, हे एकट्या टाचणीलाच ठाऊक होतं.

बस्त्याचा दिवस. तुळसाबाई, त्याची आत्या, मानाच्या साड्या अशा हिसकून उलगडत होती जणू प्रत्येकीत चोर लपलाय. समोर माया. लग्नात नेसायच्या पांढऱ्या साडीचा पदर बोटांनी चाचपायची, बाजूला ठेवायची, दुसरा उचलायची, शांतपणे, भाजी निवडावी तशी... असंच निवडलं हिनं मला; किडका नाही ना, एवढंच पाहून.

तिनं ते लपवलं कुठे होतं? परिचय मेळाव्यात, मंडपामागच्या पाण्याच्या टाकीपाशी, सरळ म्हणाली होती, "मले प्रेमबिम नको. एकदा करून पाहिलं. पुन्हा कोणी तसा पाहाले लागला, तर मी उठून जाईन." आईला घेऊन भावाच्या घरातून बाहेर पडायचं होतं तिला, बस. आणि हा, ज्याला तेव्हा तिच्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, हा म्हणाला, "मले तरी कुठं पाहिजे? लग्न झाल्याबिगर मौद्याले कंपनीचं फॅमिली क्वार्टर भेटत नाही. तुमच्या आईले खोली, मले कागदावर बायको." माया हसली. तिचं पहिलं हसू त्या क्वार्टरला मिळालं.

मग तो क्वार्टरचंच बोलत राहिला. मागं जांभळाचं झाड लावलं, झाडावर खार बसवली. खरं तर क्वार्टर त्याला केव्हाच मिळालेलं. तो तिथं एकटाच राहत होता, एका खोलीला कुलूप लावून, आणि झाडबीड काही नव्हतं. आता जन्मभर तिच्याशी वागायचं कसं, तर शेजाऱ्यासारखं. ती ताट वाढेल, तापात कपाळाला हात लावेल, आणि मी डोळे मिटून घ्यायचे, त्यांत काही दिसू नये म्हणून... किती वर्षं? सांगून टाकलं तर ती उठेल. नाही सांगितलं तर मी गुदमरून जाईन, तिच्या शेजारी, तिला कळूही न देता.

"लव्ह का अरेंज?" दुकानदार नत्थूजीनं नवं थान गादीवर फेकत विचारलं.

"सांग गा," तुळसाबाई म्हणाली, "तुह्या फेका ऐकल्याबिगर मले साडीचा रंगच दिसत नाही."

फेका. हो, फेकाड्याच्या तोंडातलं खरं कोणी शोधत नाही. तेवढाच आडोसा होता त्याला. "लव्ह, नत्थूजी! जरीपटक्याच्या बाजारात पाहिलं इले. ही चालली का संत्र्याचे ठेले आपोआप मागं सरके. एक सांड तर हात जोडून उभा..."

"सांडाले हात असते काय रे, मेल्या!"

दुकान हसलं. मायाही हसली, आणि त्या हसण्यानं त्याचा तोल गेला. "आन् हिच्या चपलेचा अंगठा तुटलेला. त्याले सेफ्टीपिन. ही रडून राहिली, पण पाय असा टाके जसा रस्ता इच्या बापाचा..."

बायका पुन्हा हसल्या. मायाचा हात पदरावर थांबला.

तेवढंच खरं होतं. त्या दुपारी तो तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मागं गेला होता. नंतर मेळाव्यात तिचं नाव आहे हे कळल्यावर धावत जाऊन आपलं नाव घालून आला.

"ते चप्पल तर मेळाव्याच्या आधीची," माया हळू म्हणाली. "लय आधीची. मी कोणाले सांगतलं नाही तिचं."

"अंदाजानं फेकलं..."

"काहून खोटं बोलता?"

तुळसाबाईच्या हातातली साडी तशीच राहिली. संघपालनं तोंड उघडलं. आत जांभूळ नव्हतं, खार नव्हती. पहिल्यांदाच काही तयार नव्हतं, आणि त्या रिकाम्या भीतीच्या पार तळाशी, कित्येक महिन्यांनी, थोडा श्वास होता. मायाच्या मांडीवर साडी अर्धी उलगडलेली. ती घडी घालत नव्हती, उलगडतही नव्हती. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि त्याला ते मिटता येईनात.

"म्हणजे तुम्ही मले आधीच पाहिलं होतं. त्या क्वार्टरचं," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "खोटं सांगतलं तुम्ही मले."