लाल रकान्यातला गुडघा

“मॅडम, मग आमच्या शाळेतली सगळ्यात महाग मुलगी कोण?”

टाकी हे विचारणारच नाही, अशी शेजारी बसलेल्या तिच्या काडी नावाच्या मैत्रिणीची पैज होती. टाकी उभी राहिली, खणखणीत विचारलं आणि ऐटीत खाली बसली. सभागृहात हशा पिकला. आठवीपर्यंत कोणी ‘टाकी’ म्हटलं की ती घरी येऊन उशीत तोंड खुपसायची. यंदा हँडबॉलच्या संघात गोलकीपर झाली आणि आता स्वतःच सांगत सुटायची, “मी टाकी. बॉल माझ्या मागे जात नाही.”

आरोग्य खात्याच्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. लठ्ठ मुलांपायी सरकारी रुग्णालयाच्या तिजोरीला कसं भगदाड पडतंय, हे त्या अर्धा तास पडद्यावर दाखवत होत्या.

“महाग मुलगी हवी ना? ही बघ,” म्हणत त्यांनी पुढची स्लाइड लावली.

‘मुलगी, वय चौदा. झोपेची तपासणी. रक्ताच्या तपासण्या. आहारतज्ज्ञांच्या सहा भेटी. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन, दोन स्क्रू.’ खाली लाल अक्षरांत एकूण खर्च. आकडा पाहून मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली.

टाकीचा हात आपसूक डाव्या गुडघ्यावर गेला. काडीने तो हात पाहिला आणि जन्मात पहिल्यांदाच तिला विनोद सुचला नाही.

“एवढ्या पैशांत किती बाळांना लसी देता आल्या असत्या, विचार करा,” मॅडम म्हणाल्या. “लाल यादीतली, म्हणजे जास्त वजनाची मुलं सोमवारपासून वजनाच्या वर्गाला बसतील. खेळाच्या तासाला. पालकांची सही आणायची.”

खेळ बंद करून वजन कमी करणार! टाकीला हसूही येईना. पुढच्याच आठवड्यात सामना होता.

टाकीचे बाबा त्याच रुग्णालयाच्या हिशेब विभागात होते. कोणत्या आजारावर किती खर्च झाला, याचे तक्ते तेच करायचे. संध्याकाळी ते चहा पीत बसले होते, समोर आई वाटाणे सोलत होती. टाकीने दप्तर खुर्चीत आदळलं.

“बाबा, ती स्लाइड तुम्ही केलीत?”

“मी तक्ते करतो. स्लाइड वरचे लोक करतात.”

“तक्त्यात मी आहे.”

“नाव नाहीये ना कुठे!”

“दोन स्क्रू आहेत. अख्ख्या शाळेत आणखी कोणाच्या गुडघ्यात आहेत, सांगा ना.”

बाबांनी कप खाली ठेवला. “नियम आहे तो. वजन रेषेच्या वर गेलं की अख्खी फाइल लाल रकान्यात जाते. सर्दी असो नाहीतर फ्रॅक्चर. ढीगभर फायली असतात, प्रत्येकीत डोकं घालत बसू?”

“माझ्या फाइलीत घालायचं होतंत. गाडी मागे घेताना फोनवर बोलत होतात तुम्ही. मी गेट धरून उभी होते. दोनदा ओरडले, बाबा. दोनदा!”

“पुरे गं!” आई कडाडली. “त्यांच्या घशाखाली तेव्हा आठ दिवस घास उतरला नव्हता.”

“आणि नवव्या दिवशी पोटभर जेवून त्यांनी तो गुडघा माझ्या वजनावर ढकलला.”

“जीभ फार चालायला लागलीय,” बाबा म्हणाले. “वजन जास्त आहे, हे खोटं का? झोपेत श्वास अडकतो, हे खोटं का?”

“नाही ना! झोप माझी, रक्त माझं, त्या आहारतज्ज्ञ बाईही माझ्या. ते खुशाल लिहा. गुडघा तुमचा आहे.”

“अंगाने जरा हलकी असतीस, तर बाजूला झाली असतीस.”

आईच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं ती वाणसामानात किडा निघाल्यावर पाहायची. बाबांनी नजर चहात बुडवली. शब्द परत घेता येतो का, हे ते कपाच्या तळाशी शोधत असावेत.

टाकीला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. गोलमध्ये उभं असताना समोरून जोरात बॉल आला की जसे पाय रोवले जातात, तसे तिचे पाय रोवले गेले. तिने दप्तरातून वर्गाचा फॉर्म काढला आणि कोरा तसाच वाटाण्याच्या टरफलांवर ठेवला.

“ऐका दोघंही. यावर सही नको. सोमवारी मी त्या वर्गाला बसणार नाही, गोलमध्ये उभी राहणार. आणि शनिवारी पालकसभेत मॅडम हीच स्लाइड दाखवणार आहेत. तेव्हा गुडघ्याची ओळ लाल रकान्यात का आली, हे बाबा, तुम्ही उठून सांगायचं. तुम्ही बसून राहिलात, तर मी उठेन. सगळ्यांसमोर उठून बोलायला मी आजच शिकलेय.”