सहा मिनिटांची सलोमा

मी एक रेकॉर्डर बोलतोय. दुसऱ्यांचं बोलणं टिपून ठेवायचं, एवढंच माझं काम. स्वतः तोंड उघडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पण आता राहवत नाही.

माझ्या पाठीवर विद्यापीठाचं लेबल आहे, क्रमांकासकट. पहिली तीन वर्षं मी तिथल्या प्राध्यापकांची व्याख्यानं गिळली. मग एका मार्चमध्ये कॉलिन नावाच्या माणसाने मला कोटाच्या खिशात टाकलं आणि आम्ही उत्तरेला, क्री आदिवासींच्या गावी आलो. इथे यायला रस्ता नाही. छोटं विमान गोठलेल्या तळ्यावर उतरलं.

कॉलिन ऑनलाइन अभ्यासक्रम बनवायचा. या वेळी विषय समाजकार्याचा होता आणि तो क्री लोकांना साजेसा करायचा होता. इथल्या लेकरांचं भलंबुरं इथल्याच माणसांनी ठरवावं, त्यासाठी चार वर्षं घरदार सोडून शहरात राहायची पाळी कोणावर येऊ नये, असा बेत. बेत चांगला होता, हे मी रागातही कबूल करतो. गावातल्या डार्लीनला तर तो फारच आवडला. ती दहा वर्षं इथल्या बालकल्याण कचेरीत राबत होती, पण पदवी नाही म्हणून कागदावर सही दुसऱ्याची. सही करणारे विमानाने यायचे, तीन दिवस राहायचे आणि जायचे.

डार्लीन आम्हाला आपल्या आजीकडे घेऊन गेली. सलोमा आजी शेगडीजवळ बसून कातड्याचे जोडे शिवत होती. कॉलिनने संमतीपत्र पुढे केलं.

"कागद आणलास?" आजी म्हणाली. "मागे एक बाई असाच कागद घेऊन आली होती. जाताना माझा मुलगा घेऊन गेली. तू काय नेणार?"

"फक्त आवाज, आजी."

"मी कधी झाले रे तुझी आजी?"

डार्लीन फिसकन हसली. कॉलिनही हसला, जरा उशिराने.

"सांगते," आजी म्हणाली. "पण कापायचं नाही. जेवढं सांगेन तेवढं सगळं ऐकवायचं."

"हो हो, नक्की," कॉलिन म्हणाला. तो होकारही माझ्यात जसाच्या तसा आहे.

मग आजीने सांगितलं. तिचा एली तेव्हा चार वर्षांचा होता. ती बाई आली ती बुटांसकट दारातच उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही. फडताळ उघडून पाहिलं. पीठ होतं, दूध नव्हतं. मागच्या धुरीच्या झोपडीत अख्ख्या मूसचं, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाचं, मांस वाळत होतं, हिवाळाभर पुरेल एवढं. तिकडे ती फिरकलीसुद्धा नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि एलीला विमानात बसवलं.

"त्याने आतून काचेला हात लावला होता," आजी म्हणाली आणि थांबली.

चार मिनिटं ती बोलली नाही. शेगडीतलं लाकूड तडतडलं. बाहेर कुत्रं भुंकून गप्प झालं. डार्लीनने नाक ओढलं. मी सगळं टिपलं. प्राध्यापकांच्या तीन वर्षांत मला इतकं जड काही उचलावं लागलं नव्हतं. मग आजी म्हणाली, "चहा घ्या," आणि पुढे सांगू लागली. एकूण एक्कावन्न मिनिटं.

शहरात एक्कावन्नची सहा झाली. "त्यापुढे विद्यार्थ्यांचं लक्ष टिकत नाही," कॉलिन सहकाऱ्याला सांगत होता. आवाज नसलेली जागा संगणक आपोआप काढून टाकतो म्हणे. ती चार मिनिटं एका टिचकीत गेली. उरलेल्या बोलण्याखाली बासरी वाजवली. त्या घरात बासरी कुठून आली? मी होतो तिथे! मला विचारायचं होतं!

सप्टेंबरात कॉलिन विद्यार्थ्यांचे अभिप्राय टिपायला मला घेऊन पुन्हा गावात आला. डार्लीन आणि आणखी सहाजणी अभ्यासक्रमाला बसल्या होत्या. सभागृहात आजीही आली होती. डार्लीन उभी राहिली.

"आजीच्या धड्यावर परीक्षा होती. प्रश्न असा: सलोमाच्या घरात मुलाला धोका असल्याचं कशावरून दिसलं? मी लिहिलं, कशावरूनही नाही. लाल फुली आली. बरोबर उत्तर काय, तर घरात दूध नव्हतं. माझ्या आजीच्या गोष्टीत मी नापास झाले, कॉलिन."

"प्रश्न समितीने काढले होते..."

"आणि धुरीची झोपडी?"

"तो भाग... लांबी फार होत होती."

"म्हणजे माझा मूस याही वेळी कोणी पाहिला नाही," आजी म्हणाली.

डार्लीनने मला टेबलावरून उचललं. मूळ रेकॉर्डिंग कोणी पुसलं नव्हतं. तिने ते पहिल्यापासून लावलं. माझ्यातला आजीचा आवाज विमानाच्या काचेपाशी येऊन थांबला तेव्हा सभागृहही थांबलं. मिनिटभराने कॉलिनची खुर्ची करकरली.

"बंद पडलं वाटतं," म्हणत त्याने हात पुढे केला.

"हात मागे घे," आजी म्हणाली. "एवढं बसवत नाही त्याने कोणाच्या दारात जाऊ नये."

तो बसून राहिला. शेवटी "मी समितीला सांगेन" म्हणाला, आणि त्याने सांगितलंही असेल. समितीचं उत्तर आलं: पूर्ण रेकॉर्डिंग ऐच्छिक म्हणून ठेवू, प्रश्नाचा विचार पुढच्या वर्षी करू. ऐच्छिक! त्याच दिवशी सातही जणींनी नावं काढून घेतली. पदवीही त्याबरोबर गेली. विमानाने येणारे अजून येतातच.

आता दर बुधवारी त्या सातजणी आजीच्या स्वयंपाकघरात जमतात. डार्लीन स्वतःचा अभ्यासक्रम लिहिते आहे. तो कोणी मान्य करील की नाही, तिलाही ठाऊक नाही. सभेच्या दिवशी तिने मला पिशवीत टाकलं ते परत दिलंच नाही. विद्यापीठाची पत्रं येतात: अमुक क्रमांकाची वस्तू त्वरित परत करावी. तिसरं पत्र आलं तेव्हा आजीने डार्लीनला लिहायला बसवलं.

"लिही. वस्तू सुखरूप आहे. तिच्या हिताचाच विचार चालू आहे. परत देण्याबाबत योग्य वेळी निर्णय होईल. कृपया वारंवार विचारणा करू नये."

डार्लीन हसत हसत लिहीत होती. मग तिचं पेन थांबलं. "हे असले शब्द तुला कुठून येतात गं?"

"एलीसाठी पत्रं पाठवायचे ना मी, तेव्हा हेच उत्तर यायचं. अकरा वर्षं. पाठ झालंय."

ते पत्र परवाच्या विमानाने गेलं. विद्यापीठातल्या सज्जनांनो, ते वाचा. वाचून राग आला तर एकदम खर्च करू नका. अकरा वर्षं पुरवायचा आहे.