लताच्या नावाचं पिंप

नागेशने लताचं नाव सात किल्ल्यांवर कोरलं होतं. लग्नाआधी तिला ते प्रेम वाटलं. लग्नानंतर पुरातत्त्व खात्याच्या पाट्या वाचल्यावर गुन्हा वाटू लागला. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात एकवीस वर्षं इंजिनियर म्हणून काढूनही जुनी भिंत दिसली की त्याच्या बोटांना खाज सुटायचीच.

त्या शनिवारी दुपारी दोघं ऱ्हाईनपलीकडच्या एका वाइनच्या गावी गेली. गाव आठशे वर्षांचं. रस्त्यात चिटपाखरू नाही, पण प्रत्येक खिडकीतला पडदा नुकताच कुणी सोडल्यासारखा हलत होता.

तळघराची मालकीण फ्राऊ वेंडल मेणबत्ती घेऊन पुढे चालत होती. खाली लाकडी पिंपांच्या दोन रांगा. प्रत्येकावर खडूने एक नाव: योहाना, एमिल, ऑटो.

"गावात मूल जन्मलं की त्याच्या नावाचं रिकामं पिंप ठेवतो," ती म्हणाली. "ते भरत जातं."

"कोण भरतं?" लताने विचारलं.

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', एवढंच फ्राऊ वेंडल म्हणाली, आणि वर बेल वाजली म्हणून मेणबत्ती तिथेच ठेवून जिना चढून गेली.

कोपऱ्यातल्या एका पिंपावर नाव नव्हतं. शेजारी खडू होता. सभ्य माणसं अशा वेळी हात खिशात घालतात. नागेशने पिंप वाजवून पाहिलं. वरपासून खालपर्यंत पोकळ. मग झोकदार देवनागरीत लिहिलं: लता.

"अरे, शोभतं का या वयात!" असं म्हणत तिने फोटो मात्र काढला.

फ्राऊ वेंडल परतली. "हे नाव कुणाचं?"

"माझ्या बायकोचं," नागेश ऐटीत म्हणाला.

तिने बोटांनी पिंप वाजवलं. तळाशी ठस. मध्ये ठस. फक्त वरच्या चार बोटांत पोकळ.

"वय?"

"सत्तेचाळीस."

"हं, भरतच आलंय." तिने शेजारच्या पिंपावर थोपटलं. "एमिलचं मंगळवारी काठोकाठ भरलं. शुक्रवारी त्याला पुरलं. दफनानंतर आम्ही हेच पितो. यंदाची चव बरी आहे."

नागेश हसला. मग त्याने स्वतः वाजवून पाहिलं. गाडीच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा, याचाच त्याला पगार मिळायचा. कान खोटं सांगेनात. त्याने रुमालाने पुसलं, थुंकी लावून पुसलं. रुमाल पांढरा झाला. अक्षरं तशीच.

"पुसता येत नाही," फ्राऊ वेंडल म्हणाली. "जोडता येतं. दोन नावं असली की पिंप दोघांसाठी एकदाच उघडतं."

नागेशने खडू उचलला. लताने त्याचं मनगट धरलं.

"खबरदार! आपली तनया पंधराची आहे. घरात एक तरी लागेल ना?"

"अगं, पण मी—"

"खडू ठेव."

त्याने ठेवला.

परतीच्या वाटेवर ती सांगू लागली: तनयाच्या लसींची वही कुठल्या खणात, फरझिशरुंगची, म्हणजे विम्याची, फाईल कुठे, रडत असली तर तिला लगेच काही विचारायचं नाही. नागेश ऑटोबानवर साठने चालला होता. मागचे ट्रक दिवे मारत होते.

"पोह्यात मीठ किती?" तिने परीक्षा घेतली.

"दोन चमचे?"

"अरे देवा! एक. तोही लहान." तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कांदा, मोहरी, हळद, मीठ.

"आता सांग. मीठ किती?"

त्याला चांगलं आठवत होतं.

"दोन," तो म्हणाला.