होडी कुठवर आली?

रत्नव्वाला व्हिडिओ गेमचा मनापासून राग होता, आणि तो रास्त होता. ज्या बाईच्या नवऱ्यानं भुसारीचं चालतं दुकान मोडून शिवाजी पेठेत व्हिडिओ गेमचं पार्लर टाकलं, तिनं त्या खोक्यांवर माया करायची म्हणजे जरा जास्तच झालं. वीरभद्रअण्णांच्या त्या दुकानात नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला सगळ्या पेठेतली पोरं पडीक असायची. तालमीला म्हणून निघालेली, शाळेला दांडी मारलेली, फुटबॉलच्या सरावाला न पोचलेली. त्यांच्या आया बाजारात भेटल्या की रत्नव्वाकडं बघून तोंड वाकडं करायच्या. तरीही दर खंडेनवमीला ती दुकानात जायची आणि एकेका मशीनला हळदकुंकू लावून, भस्म ओढून, झेंडूची माळ घालायची. राग आपल्या जागी आणि पोटाला घालणाऱ्या वस्तूचा मान आपल्या जागी, असं तिचं सरळ होतं.

पुढं अण्णा गेले, गल्लोगल्ली इंटरनेटची दुकानं निघाली आणि मशीनं एकेक करून भंगारात गेली. एक तेवढं राहिलं. ते कळंब्याच्या नव्या घरात मागच्या खोलीत येऊन बसलं, तेही सुनेच्या हट्टापायी.

ही सून म्हणजे वर्षाराणी, थोरल्या सोमशेखरची बायको. तिचं माहेर पार्लरच्या बरोबर समोर. मुलींनी पार्लरची पायरी चढायची नाही हा तेव्हाचा नियम. तो कुणी केला नव्हता, पण मोडलाही नव्हता. वर्षाराणीची आई अंथरुणाला खिळलेली आणि तिचा पलंग रस्त्याकडच्या खिडकीला लावलेला. तिथून पार्लरच्या उघड्या दारातलं एकच मशीन दिसायचं. त्यात चांदण्यातली एक नदी होती आणि नदीत कंदील लावलेली एक होडी. खडक, ओंडके, मगरी चुकवत ती पुढं न्यायची. पोरं त्या गेमला नुसतं ‘नदी’ म्हणायची. त्यातलं कुणीच फार लांब जायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणाला होडी बुडायची आणि पोरं शिव्या घालत दुसऱ्या मशीनकडं वळायची. मायलेकी मात्र खिडकीतून त्या होडीची वाट बघत बसायच्या.

“ही जातीया तरी कुठं?” वर्षाराणी विचारायची.

“घरी जात आसंल की गं,” आई म्हणायची. “कंदील लावून माणूस दुसरीकडं कुठं जातंय?”

त्याच पावसाळ्यात आई गेली. होडी कुठं गेली ते दोघींनाही कळलं नाही.

लग्नानंतर सोमशेखर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “हिनं मला बघून न्हाय, मशीन बघून होकार दिलाय.” लोक हसायचे. वर्षाराणीही हसायची, पण ‘तसं काही नाही’ असं एकदाही म्हणाली नाही.

दुपारी घर निजलं की ती मागच्या खोलीत जाऊन मशीन लावायची. रत्नव्वा आधी नाक मुरडत, मग पावटे सोलायच्या निमित्तानं आणि शेवटी काही निमित्त न काढता तिथल्या खाटेवर येऊन बसू लागली. खिडक्या लावलेल्या असायच्या. मशीनच्या काचेतून निळा उजेड यायचा आणि भिंतीवर, कोपऱ्यातल्या पितळी भांड्यांवर, सुनेच्या गालावर हलत राहायचा. पाण्याचा आवाज इतका बारीक, की नळ चालू राहिला की काय म्हणून पहिल्या दिवशी रत्नव्वा मोरीपर्यंत जाऊन आली होती. बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. झोपेत ती वेदगंगेच्या काठी माहेरी असायची. बाप पलीकडच्या काठावरून कानडीत हाक मारायचा, तिचे पाय पाण्यात असायचे आणि ते पाणी काही ओलं नसायचं. जाग आली की समोर पुन्हा नदी असायचीच. मग झोप कुठली आणि जाग कुठली, हे ठरवायच्या भानगडीत ती पडायची नाही.

“होडी कुठवर आली गं?” डोळे न उघडता ती विचारायची.

“भाताच्या शेतापतोर, आत्ती.”

किंवा एखाद्या दिवशी, “आज पुलाखालनं गेली. पुलावर माणसं हुती.”

“वळखीची?”

“न्हाय. पर हात करत हुती.”

मशीनची रीत अशी, की होडी बुडाली की परत पहिल्या घाटापासून निघायचं. आधीचं काही जमा धरायचं नाही. एकेक नवं वळण दिसायला महिनेच्या महिने जायचे. आणि तरी वर्षाराणी कधी चिडली नाही. एका दुपारी तिनं सासूला आईचं ते बोलणं सांगितलं, आणि वर म्हणाली, “शेवटाला घर आसणार, आत्ती. ते एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचं हाय. मग मशीन भंगारात घातलं तरी चालंल.”

त्या दिवसापासून रत्नव्वाचा राग मेला. तिलाही ते घर हवंसं झालं. घराला पडवी असेल की नाही, दारात कोण उभं असेल, यावर सासू-सुना भाकरी थापताना गंभीरपणे वाद घालायच्या. सोमशेखर म्हणायचा, दोघींनाही एकाच डॉक्टरला दाखवायला हवं.

दोन हजार चारच्या खंडेनवमीला रत्नव्वाच्या मनात आलं, की इतकी वर्षं आपण ह्याच्या लाकडालाच हळद लावत आलोय. बैल आत बांधलेला आणि आपण पूजा करतोय गोठ्याच्या दाराची. तिनं मागचं फळकूट काढलं. आत हिरवी पाटी होती आणि तिच्यावर काळ्या चिपा ओळीनं बसल्या होत्या. तिनं पाटीला मनोभावे ओली हळद लावली, कुंकू लावलं, भस्माची बोटं ओढली, फुलानं पाणी शिंपडलं. ‘पोरीला घर दिसू दे,’ एवढंच मागितलं आणि फळकूट परत बसवलं.

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाटून झाल्यावर वर्षाराणीनं मशीन लावलं. नदीच्या जागी विस्कटलेल्या रांगोळीसारखे रंग आले, आतून करपल्याचा वास सुटला आणि काच काळी झाली. सोमशेखरनं मागं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“अव्वा, करंट असतोय त्यात. ओली हळद कोण लावतंय?”

“मग काय कोरडी लावायची?” रत्नव्वा म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. सून पदरानं काच पुसत राहिली, जिच्यावर धूळ नव्हतीच. सुनेनं चार शब्द सुनावले असते तर रत्नव्वाला बरं वाटलं असतं. ती देवघरापुढं जाऊन बसली आणि देवाशी अबोला धरला.

धाकटा रुद्रेश पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. सणाला येताना त्यानं घरासाठी एक कॉम्प्युटर आणला होता. सगळं ऐकून तो हसला.

“एवढंच न्हवं? वहिनी, हा गेम कॉम्प्युटरवर मिळतोय. लोकांनी चिपांमधनं काढून त्याची फाइल केलीया. एम्युलेटर लावला की कॉम्प्युटर त्या मशीनचं सोंग घेतोय.”

“सोंग घेतोय म्हण की,” रत्नव्वा म्हणाली.

“पर हुबेहूब, अव्वा.”

आणि हुबेहूब होतंच, खोटं कशाला बोला. तीच नदी, तोच कंदील, पुलावरची माणसं तसाच हात करणारी. वर पुन्हा सोय अशी, की हव्या त्या वळणावर खूण करून ठेवावी आणि बुडालं की तिथूनच निघावं. वर्षाराणी बघता बघता कधी न बघितलेल्या वळणांवर पोचली. रत्नव्वा शेजारी खुर्ची घेऊन बसली, पण तिचा डोळा काही लागेना. चित्र इतकं लख्ख होतं, की त्यात निजायला जागाच नव्हती.

मधेच वर्षाराणीनं हात काढून घेतला.

“बास, भावजी.”

“का? आता थोडंच ऱ्हायलंय.”

“झोपेत कुणीतरी उचलून आणून ठेवल्यागत वाटतंय. हितवर मी आलेच न्हाय.”

“मग तुमी नुसतं बसा. मी दाखवतो शेवट, चहा व्हायच्या आत.”

“नको. मी चहाचंच बघते,” म्हणून ती उठून आत गेली.

रत्नव्वा उठली नाही. नको तिथं डोकवायची खोड तिला जन्माची होती. रुद्रेशची बोटं चालू लागली आणि होडी पळत सुटली. वळणं आली नि गेली. मग दोन काळे डोंगर आले, त्यांच्यामधून नदीची चिंचोळी वाट, आणि दोन्ही काठांना दिव्यांची रांग. रत्नव्वा पुढं झुकली. दिवे कुणीतरी घरातल्या माणसासाठी लावावेत तसेच लावले होते. होडी शेवटच्या दिव्यापाशी पोचली, पडदा पांढरा झाला, इंग्रजीत काही अक्षरं आली, आणि होडी पुन्हा पहिल्या घाटावर उभी होती.

“घर कुठं हाय?” रत्नव्वानं विचारलं.

“कसलं घर?”

“होडीचं.”

“घरबिर काय न्हाय, अव्वा. संपलं की परत पहिल्यापासनं. मगरी तेवढ्या जोरात येत्यात. जुन्या गेमांना शेवट नसतोय.”

“तुझ्या सोंगात नसंल. खऱ्या मशीनमधी आसंल.”

“अगं, तीच फाइल हाय. जे हितं तेच तिथं.”

रत्नव्वानं त्याचा दंड धरला. “वहिनीला ह्यातलं बोलायचं न्हाय. माझ्या गळ्याची आण हाय तुला.” रुद्रेशला काही उमगलं नाही, पण आईचा चेहरा बघून तो ‘बरं’ म्हणाला.

चहा आला. कपबशी हातात देताना सुनेनं सासूकडं न बघता विचारलं, “शेवट बघितलासा, आत्ती?”

“मला कुठलं गं कळतंय. डोळा लागला माझा.”

वर्षाराणीनं मान हलवली आणि रुद्रेशपुढं दुसरा कप ठेवला.

टीव्ही दुरुस्त करणारा सयाजी दिवाळीनंतर आला. त्यानं पाटी स्पिरिटनं धुतली, जुन्या ब्रशनं घासली, दोन-चार जागी कथिलाचे डाग दिले, आणि मशीन जिवंत झालं. फक्त निळ्या रंगात पहिला जीव राहिला नाही. नदी शेवाळी झाली आणि पांढरा चंद्र पिवळाधमक. सयाजी ओशाळला. वर्षाराणी मात्र कितीतरी दिवसांनी हसली.

“चंद्राला हळद लागली, आत्ती. ही आता फकस्त आपल्याच घरातली नदी.”

सासू-सुनेच्या दुपारी परत सुरू झाल्या. कॉम्प्युटरवर सोमशेखर पत्ते खेळायचा. मागच्या खोलीत आता शेवाळी उजेड हलायचा आणि रत्नव्वा खाटेवर पडून राहायची, पण झोप तिला पूर्वीसारखी भेटेना. होडी कुठवर आली, हे ती आता डोळे उघडे ठेवून विचारायची. सून हरखून नवं वळण सांगायची आणि रत्नव्वा मनात म्हणायची, हळू चल बाई. कधी वाटायचं, रुद्रेशला काय कळतंय, खऱ्या मशीनच्या पोटात घर असेलच; आपण पूजा केलीय त्याची. कधी वाटायचं, नसेल तर? पोर एवढी वर्षं आईच्या एका शब्दावर वल्हं मारत आलीय. तिला पहिल्या घाटावर आणून आपटलं तर तिनं कुणाकडं बघायचं?

पुढच्या उन्हाळ्यात लाईटचे हाल सुरू झाले. भर दुपारी वीज जायची, होडी आहे तिथं विझायची, आणि सून उसासा टाकून पंख्याच्या वाऱ्याऐवजी पदरानं वारा घेत बसायची. रत्नव्वा त्या काळोखाला मनातून दुवा द्यायची.

वैशाखातल्या एका दुपारी लाईट गेली नाही. रत्नव्वा अर्धवट गुंगीत होती. बाप पलीकडून हाक मारत होता, आज जरा जवळून. तेवढ्यात सुनेचा श्वास थांबल्यासारखा वाटला म्हणून तिनं डोळे उघडले. काचेत दोन काळे डोंगर उभे होते. पिवळ्या चंद्राखाली नदी चिंचोळी झाली होती आणि दोन्ही काठांनी दिवे लागत चालले होते.

“आत्ती,” वर्षाराणी मागं न बघता हळूच म्हणाली, “दिवं लावल्यात, बघा.”

तिच्या पाठमोऱ्या मानेत लहान मुलीचं सगळं शहाणपण आणि सगळा वेडेपणा एकवटला होता. रत्नव्वा ते बघून गलबलली. मशीनमध्ये घर असेल की नसेल, याची तिला तेव्हा खरंच खात्री नव्हती. पण ती उठली. दाराशेजारच्या बोर्डापर्यंत गेली. होडी शेवटच्या दिव्यापाशी येत होती तेव्हा तिनं बटण दाबलं.

नदी मिटली, एक ठिपका उरला, तोही गेला.

“लाईट गेली बघ,” रत्नव्वा म्हणाली.

वर्षाराणी तशीच बसून होती. मग तिनं मान वर केली. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. तिनं पंख्याकडं बघितलं, मग सासूकडं. रत्नव्वाचा हात अजून बोर्डावरच होता आणि तो काढायचं तिला सुचत नव्हतं. डोळ्यांत पाणी तेवढं आलं.

“आत्ती, घर जवळ आलतं, न्हाई का?”

“व्हय,” रत्नव्वा म्हणाली. “अगदी जवळ.”

वर्षाराणी उठली. सासूजवळ आली, तिचा हात बोर्डावरून हलकेच बाजूला केला आणि पंख्याचंही बटण बंद केलं. मग तिला धरून खाटेवर बसवलं आणि शेजारी बसून पदरानं वारा घालू लागली.

“गेलीच की लाईट,” ती म्हणाली. “कवा येतीया कुणास ठावं.”