ऐकायलीस का

माझ्या थोरल्या दिरांचं नाव बन्सीधर. कागदावर लिहिताना चालतं, तोंडाने मी ते कधी घेतलेलं नाही. ते मला भाऊजी. त्यांची बायको बायनाबाई, माझी थोरली जाऊ, ती मला अक्का. आणि ती दोघं एकमेकांना काय म्हणायची? काहीच नाही. पेडगावात आमच्या वयाच्या माणसांत नवरा बायकोचं नाव घेत नाही आणि बायको नवऱ्याचं तर नाहीच नाही. भाऊजींना अक्का हवी असली की ते आवाज द्यायचे, "ऐकायलीस का?" घरात चार बायका बसलेल्या असल्या तरी उठायची ती अक्काच. ती हाक आपल्याला असेल असं आम्हा बाकीच्यांना चुकूनसुद्धा वाटलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा नाक मुरडायची. ही काय हाक झाली? गायीलासुद्धा नाव असतं. पण पुढे पाहिलं, त्या दोन शब्दांवरून अक्काला सगळं कळायचं. चहा पाहिजे, पाहुणे आलेत, बैल सुटलाय, डोकं दुखतंय. दरवेळी सूर वेगळा असायचा म्हणे. मला तर सगळे सारखेच वाटायचे.

तीन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या भरल्या ट्रॉलीवरून भाऊजी मानेवर पडले. परभणीला नेलं, तिथून नांदेडला हलवलं. जीव वाचला, पण मानेखालचं अंग गेलं. एवढा दांडगा माणूस, स्वतःच्या नाकावरची माशी हाकलता येईना. राहिला तो फक्त आवाज. मग दिवसभर तेच. ऐकायलीस का, पंखा लाव. ऐकायलीस का, टीव्हीवर बातम्या लाव. ऐकायलीस का, उजेड डोळ्यावर यायलाय. अक्का बेजार व्हायची. "ह्या मानसानं माझे गुडघे खाल्ले बग, राजेश्री," असं मला सांगायची आणि सांगता सांगता उठून आत जायची. शिवाय ठरलेल्या वेळी त्यांची कूस बदलायची, पाठ थापटायची. अंगात जोर नसल्यामुळे खोकता येत नाही, कफ छातीत अडकला तर जीव जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे सगळं एकटीनं करायची ती. आमचे हे मदतीला जायचे, मी जायची, पण भाऊजींना दुसऱ्याचा हात चालत नव्हता.

त्यांचा मुलगा आदिनाथ पुण्यात कंपनीत आहे. पोरगं गुणाचं. आईचे हाल त्याला बघवेनात. दिवाळीला आला तो एक काळी डबी घेऊनच. तळहातावर मावेल एवढी. घरातल्या सगळ्या रिमोटांचं काम ती एकटी करते म्हणाला. टीव्ही, कूलर, दिवा, नवा बसवलेला पंखा, सगळं तिच्या ताब्यात. बटण दाबायचं नाही, नुसतं तोंडाने सांगायचं. भाऊजींजवळ तोंडच तेवढं उरलं होतं, तेव्हा वस्तू अगदी त्यांच्यासाठीच केल्यासारखी.

अडचण एकच आली. डबीला आधी हाक मारावी लागायची, मग काम सांगायचं. ती एका इंग्रजी नावाला ओ द्यायची आणि ते नाव भाऊजींच्या जिभेवर काही बसेना. दोन दिवस घोकंपट्टी चालली. शेवटी आदिनाथ वडिलांना म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ द्या ते नाव. तुमच्या तोंडात जे आपोआप येतं ते बोला. मी तेच बसवतो."

भाऊजी पटकन बोलून गेले, "ऐकायलीस का?"

पदराला हात पुसत अक्का स्वयंपाकघरातून आली. आदिनाथने तीच हाक डबीत बसवली, भाऊजींकडून पुन्हा म्हणवून घेतली, तसा डबीवर निळा दिवा लागला आणि आतून एक पोरगी पुस्तकातल्या मराठीत म्हणाली, "सांगा, मी ऐकते आहे." आम्ही पोट धरधरून हसलो. मी म्हणाले, "अक्का, सवत आली बरं का घरात!" अक्काही हसली. भाऊजींनी पंखा लावायला सांगितला, पंखा लागला. त्यांनी बंद करायला सांगितला, बंद झाला. अक्का मात्र हात पुसत दारातच उभी होती, कारण तिला कोणी काही काम सांगितलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, भाऊजी सुखावले. आता त्यांना कोणाची वाट बघावी लागत नव्हती. उगाचच पंखा कमी करायचे, जास्त करायचे. टीव्हीवर कुस्त्या लावायचे, कीर्तन लावायचे, मध्येच सगळं बंद करून दिवा लावायचे. मालकी आली परत माणसाच्या हातात. अक्काही म्हणाली, "बरं झालं बाई, माझ्या गुडघ्याला सुट्टी." 

पण सवय अंगात मुरलेली. आतून हाक आली की ती अर्धी उठायची. भाऊजी आतूनच म्हणायचे, "तुला न्हाई, तिला बोलायलो." ती परत बसायची. पुन्हा हाक, पुन्हा अर्धी उठणं, पुन्हा "तुला न्हाई." संक्रांत येईतो तिचं उठणं मोडलं. हाक कानावर पडायची, अक्का हातातलं काम करत राहायची. कूस बदलायच्या, पाण्याच्या, जेवणाच्या वेळा ठरलेल्या होत्या, त्या वेळेला ती आपण होऊनच आत जायची. त्यामुळे भाऊजींना तिला हाक मारायचं कारणच उरलं नाही. आणि हाकेशिवाय त्या दोघांत दुसरं बोलणं तरी कुठे होतं? भाकरी जमली, पाऊस पडंल, पोराचा फोन आला, हे सगळं त्या पंख्या-दिव्याच्या निमित्तानंच बोललं जायचं. निमित्त गेलं तसं बोलणंही गेलं.

एकदा मी सकाळी गेले तर अक्काच्या चेहऱ्यावर नुसता उजेड. म्हणाली, "आज लय हाका मारल्या बाई त्यांनी. पंखा लाव, टीव्ही लाव. दम न्हाई घेऊ दिला." मी आत डोकावले. डबीची पिन कोणीतरी काढून ठेवली होती.

"अक्का, ही पिन कोणी काढली?"

साठीची बाई नव्या नवरीसारखी लाजली. "निगाली आसंल," म्हणाली. पण दुपारी डबी बोलेना म्हणून भाऊजी कासावीस झाले, पोरासारखे रडकुंडीला आले, तेव्हा तिनेच जाऊन पिन परत लावली. त्यानंतर तिने डबीला हात लावला नाही.

वैशाखात ते घडलं. ऊन मी म्हणत होतं. मी त्या दिवशी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले होते. दुपारी परतले, तर अंगणात ही गर्दी. अक्का ओसरीत डाळ निवडत बसली होती म्हणे. आतून हाक आली, "ऐकायलीस का?" डबी म्हणाली, "मला समजलं नाही. पुन्हा सांगा." पुन्हा हाक, पुन्हा "समजलं नाही." अक्काला वाटलं, बिघडली वाटतं आज ही. थोड्या वेळाने ती आत गेली तर भाऊजींचे ओठ निळे पडले होते आणि डोळे दाराकडे लागलेले होते. कफ अडकला होता. कुशीवर वळवायला, पाठ थापटायला माणूस पाहिजे होतं, आणि ते काम कुठल्या डबीला येणार?

एवढंच तिने सांगितलं, एवढंच गावाला कळलं. 

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आदिनाथने डबी काढली, फडक्यात गुंडाळली आणि बॅगेत कोंबली. "काकू, मीच मारलं दादाला," म्हणून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. गावाचं तोंड कोण धरणार? कोणी म्हणालं, यंत्र भोवलं. एक बाई तर माझ्यासमोर म्हणाली, "आत मानूस जायलंय आन् ही ओसरीत डाळ निवडायली." मी तिला असं झाडलं की पुन्हा ती आमच्या गल्लीत आली नाही. तीन वर्षं त्या माणसाचं हगणं-मुतणं काढलं अक्कानं, तेव्हा ही कुठे होती?

आदिनाथ आईला पुण्याला चल म्हणत होता. ती गेली नाही. संध्याकाळी मी तिच्यापाशी जाऊन बसायची. एकदा ती मध्येच म्हणाली, "राजेश्री, ती हाक मला व्हती का गं, का तिला?"

मला वाटलं, हिच्या जिवाला लागलंय, जरा हलकं करावं. मी म्हणाले, "तिला वो अक्का. कूलर वाढवायचा आसंल."

अक्काचा चेहरा उतरला. "म्हंजी जाता जाता बी तिलाच."

मी जीभ चावली. "न्हाई, न्हाई. तुमालाच मारली आसंल. दुसरं कोन हाय त्येन्ला?"

"मंग मी उठले कामून न्हाई?" असं म्हणून तिने पदर तोंडात कोंबला.

मला तिची कीव आली आणि भाऊजींचा संताप आला. मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात, पण मी केला. डबीला मारलेली हाक आणि बायकोला मारलेली हाक, दोन्ही एकच. वेगळी हाक द्यायला काय धाड भरली होती? साधं नाव घेतलं असतं तर जीभ झडणार होती का? त्या रात्री मी आमच्या ह्यांच्यावरही विनाकारण खेकसले.

सव्वा महिना झाल्यावर अक्काला माहेरी न्यायला तिचा भाऊ आला. सिताराम त्याचं नाव, चारठाण्याचा. दुःखात चार दिवस माहेरचं अन्न पोटात जावं, अशी आमच्याकडे रीत आहे. अक्का आणि मी ओसरीत बसलो होतो. तिच्या पुढ्यात तांदळाचं सूप होतं. फाटकातून सितारामभाऊंनी हाक मारली, "बायना! ए बायना!"

सासरी तिला नुसतं बायना म्हणणारं कोणीच नाही. कोणाची अक्का, कोणाची काकू, कोणाची माय, पोस्टमनची बायनाबाई. नुसतं बायना म्हटलं की ते माहेरचं माणूस, हे आम्हाला डोळे मिटून कळतं. मी फाटक उघडायला उठले. आणि अक्का ताडकन उठली, सूप पालथं झालं, तांदूळ सगळीकडे सांडले, आणि ती फाटकाकडे न जाता आत पळाली. गुडघे धरून चालणारी बाई पळाली. 

मी तिच्या मागे गेले. भाऊजींची बाज होती त्या रिकाम्या जागेपाशी ती उभी होती.

"अक्का, काय झालं? सितारामभाऊ आलेत. फाटकात हायेत."

"त्या दिशी बी मला तसंच वाटलं," ती म्हणाली.

मला काही कळेना. तिने माझा हात धरला. बोलताना तिला धाप लागत होती.

"मी तुमाला समदं सांगितलं न्हाई. ती दोनदा 'समजलं न्हाई' मनली. मंग जरा गप झालं. मंग 'बायना' आसं आलं. एकदाच. लय बारीक आवाज, घोगरा, पार फाटलेला. मला वाटलं सिताराम आला. मी उटले, राजेश्री. मी बसून न्हाई ऱ्हायले. डाळ तशीच टाकून मी फाटकाकडं गेले. फाटकात कोनी न्हाई. मनलं, पाराजवळ थांबला का काय. पाराच्या वळनापतूर उन्हात बगून आले. वापस आले तवा..."

तिने बाजेच्या जागेकडे बोट दाखवलं.

"मला आवाज वळखू आला न्हाई," ती म्हणाली. "कसा येईल? त्येंच्या तोंडात माझं नाव मी कदी ऐकलंच नव्हतं."

मी तिला जवळ घेतलं. गेला महिनाभर मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्याने शेवटचा श्वास तिच्या नावावर खर्च केला होता. आणि हिला ते नाव माहेराकडे घेऊन गेलं. मला रडू आवरेना. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

बाहेर सितारामभाऊ अजून उभेच होते. त्यांनी पुन्हा आवाज दिला, "बायना, घरात हायेस का गं?"

अक्काने बाजेच्या जागेकडे तोंड वळवलं, पदर डोक्यावर नीट घेतला.

"हाय मी," ती म्हणाली. "बोला."

भावाशी ती अरे-तुरेत बोलते.